आइझेनबायसर उर्फ फिएरारू: एक माणूस, दोन कार्डं

प्रश्न असा आला आहे: "पहिल्या फुटबॉल वर्ल्ड कपहून परतताना रुमानियाचा एक खेळाडू वारला अशी बातमी घरी पोचली, आईनं क्रियाकर्म मांडलं आणि त्याच दिवशी तो चालत घरात आला, असं वाचलं. हे खरं आहे का? आणि हा होता कोण?"

आधी थेट उत्तर. माणूस खरा आहे, त्याचं नाव अल्फ्रेड आइझेनबायसर. आजारपण खरं. तो मेल्याची आवई उठली हेही पटण्यासारखं आहे. "त्याच दिवशी तो चालत घरात आला" या तपशिलावर मात्र माझा विश्वास नाही आणि तो का नाही ते पुढं सांगतो. पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. या एका किश्शापायी बाकीचा माणूस पार झाकला गेला. त्या झाकण्यात माझाही हात आहे, म्हणून जरा लांबून सांगतो.

तीसेक वर्षं मी खेळाच्या पानावर काम केलं. त्यातली निम्मी आकडेवारी सांभाळण्यात गेली. १९९८ च्या वर्ल्ड कपमध्ये पुढच्या फेरीत पोचल्याच्या आनंदात रुमानियाच्या अख्ख्या संघानं केस पिवळे रंगवले, तेव्हा त्यांच्यावर एक पान लावायचं ठरलं. खाली थोडी जागा उरली होती. मी चौकट टाकली, 'स्वतःच्याच अंत्यविधीला आलेला खेळाडू'. सहा-सात ओळींत काम झालं. लोकांनी फोन करून कौतुक केलं. ती चौकट मी पडताळून पाहिली नव्हती. एका इंग्रजी लेखातून उचलली आणि पान सोडलं.

पुढं बऱ्याच वर्षांनी कार्डं लावताना गंमत कळली. माझ्याकडं खोक्यांत पुठ्ठ्याची कार्डं असायची, प्रत्येक खेळाडूचं एक. फुटबॉलच्या खोक्यात एक कार्ड होतं: फिएरारू, अल्फ्रेड, हाफबॅक, रुमानिया, जन्म ७ एप्रिल १९०८, चेर्नाउत्स. हिवाळी ऑलिम्पिकच्या खोक्यात दुसरं: आइझेनबायसर, अल्फ्रेड, फिगर स्केटिंग, जोडी, रुमानिया, जन्म ७ एप्रिल १९०८, चेर्नोविट्झ. दोन आडनावं, दोन गावं, तारीख तीच. मग लक्षात आलं की गावही एकच आहे, माणूसही एकच.

आडनावाचं कोडं साधं आहे. जर्मनमध्ये 'आइझेन' म्हणजे लोखंड आणि 'बायसर' म्हणजे चावणारा. रुमानियनमध्ये लोखंडाला 'फिएर' म्हणतात, लोहाराला 'फिएरार', आणि त्यावरून फिएरारू हे आडनाव होतं. म्हणजे एका भाषेत लोखंड चावणारा, दुसरीत लोहार. काही याद्यांत तर दोन्ही आडनावं एकापुढं एक छापून 'आइझेनबायसर फेरारू' असा तिसराच गृहस्थ तयार केलेला आहे. त्या काळातल्या रुमानियन संघाची आकडेवारी लावायला बसलात तर ही डोकेदुखी पावलोपावली येते. एकाच खेळाडूचं नाव हंगेरियन, जर्मन आणि रुमानियन अशा तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं आणि नवखा माणूस तिघांचे गोल वेगवेगळे मोजतो. म्हणून नावावर भरवसा ठेवू नये, जन्मतारीख धरून चालावं.

आता गाव. चेर्नोविट्झ हे प्रुत नदीकाठचं, बुकोविना प्रांताचं मुख्य शहर. अल्फ्रेड जन्मला तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. तिथं १८७५ पासून जर्मन माध्यमाचं विद्यापीठ होतं आणि लोक कौतुकानं त्याला 'छोटं व्हिएन्ना' म्हणत. १९१८ मध्ये साम्राज्य कोसळलं, बुकोविना रुमानियात गेला आणि पोरगा दहा वर्षांचा असताना गावाचं नाव चेर्नाउत्स झालं. गल्लीत जर्मन, यिद्दिश, युक्रेनियन, पोलिश, रुमानियन अशा सगळ्या भाषा चालायच्या आणि फुटबॉलचे क्लबही जमातींप्रमाणं वाटलेले. जर्मनांचा यान, ज्यूंचा मक्काबी, पोलिशांचा पोलोनिया, युक्रेनियनांचा दोव्बुश आणि रुमानियनांचा द्रागोश व्होदा. आपल्याकडं मुंबईत हिंदू, पारशी, मुस्लिम, युरोपियन असे क्रिकेटचे संघ उतरायचे, ती आठवण झाल्याशिवाय राहत नाही. गंमत अशी की १९३० च्या वर्ल्ड कपच्या यादीत आइझेनबायसरच्या नावापुढं क्लब लिहिलाय तो द्रागोश व्होदा. मोल्दाव्हियाच्या दंतकथेतल्या संस्थापक राजाचं नाव लावणारा रुमानियन क्लब, आणि त्यात लोखंड चावणारा जर्मन आडनावाचा हाफबॅक.

राष्ट्रीय संघातही तसंच होतं. १९३० च्या संघाचा कर्णधार रुडॉल्फ वेट्झर हा पश्चिम रुमानियातल्या तिमिश्वारा शहराचा. निकोलाय कोवाच तिथलाच. १९३०, १९३४ आणि १९३८ हे तिन्ही वर्ल्ड कप खेळलेल्या जगातल्या मोजक्या खेळाडूंत तो आहे. त्याचा धाकटा भाऊ श्टेफान कोवाच पुढं नेदरलँड्सच्या आयाक्स क्लबचा प्रशिक्षक झाला आणि १९७२ व १९७३ चे युरोपियन कप जिंकून आला. फोगल, बुर्गर, श्टाइनर, राफिन्स्की ही नावं नुसती वाचा. यातले बहुतेक जण जन्मानं ऑस्ट्रिया-हंगेरीचे आणि पासपोर्टानं रुमानियाचे होते.

हा संघ उरुग्वेला गेला कसा, यावरही एक किस्सा आहे आणि तोही तपासून घ्यायला हवा. राजा दुसरा कॅरोल यानं स्वतः संघ निवडला, असं सर्रास लिहिलं जातं. कॅरोल परदेशातून विमानानं परतून गादीवर बसला ८ जून १९३०. जहाज इटलीतल्या जिनोआहून सुटलं जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आणि बुखारेस्टहून जिनोआला रेल्वेनं जायचे दोन दिवस धरा. म्हणजे गादीवर बसल्यापासून राजाच्या हातात जेमतेम दहा दिवस. देशात सत्तापालट झालेला असताना त्या दहा दिवसांत कॅरोल डाव्या बाजूला कोण खेळणार याचा विचार करत बसला असेल, हे मला पटत नाही. राजाला खेळांचा शौक होता, युवराज असतानाच त्याचा देशातल्या क्रीडासंघटनांशी संबंध होता, हे खरं. खेळाडूंना नोकरीवरून दोन महिने रजा मिळावी म्हणून दरबारातून शब्द गेला असेल, कुणावरची बंदी उठवली असेल, इथपर्यंत मी मानतो. त्या काळात हे खेळाडू कुठं ना कुठं नोकरी करणारे होते. दोन महिने गैरहजर राहिलं तर हातची नोकरी जायची, त्यामुळं रजा हाच खरा प्रश्न होता. संघ प्रत्यक्षात पाहिला तो प्रशिक्षक कॉस्तेल राडुलेस्कू आणि त्याच्या सहकाऱ्यांनी. हा राडुलेस्कू म्हणजे एक वल्ली. त्या स्पर्धेत पंचांची इतकी चणचण होती की तो स्वतः दुसऱ्यांच्या सामन्यात लाइन्समन म्हणून उभा राहिला.

जहाजाचं नाव 'कोंते वेर्दे', म्हणजे हिरवा काउंट. ग्लासगोजवळ बांधलेलं, १९२३ चं, अठरा हजार टनांहून मोठं इटालियन प्रवासी जहाज. जिनोआला रुमानियाचा संघ चढला. पुढं दक्षिण फ्रान्समधल्या व्हिलफ्रांशला फ्रान्सचा संघ आणि त्यांच्याबरोबर फिफाचे अध्यक्ष झ्यूल रिमे, सामानात वर्ल्ड कपचा चषक घेऊन. बार्सिलोनाला बेल्जियमचे लोक. अटलांटिक ओलांडल्यावर रिओला ब्राझीलचा संघ. चौथा युरोपियन संघ युगोस्लाव्हिया. तो मार्सेयहून दुसऱ्या बोटीनं गेला. पंधरवडाभर हे सगळे एकाच डेकवर धावायचे, उड्या मारायचे, व्यायाम करायचे. हेच कोंते वेर्दे नंतर, १९३२ पासून, इटली ते शांघाय या मार्गावर धावू लागलं आणि वाटेत मुंबई बंदराला लागायचं. बॅलार्ड पिअरवर उभं राहून ते पाहिलेल्या कुणा मुंबईकराला पहिल्या वर्ल्ड कपचा चषक यातूनच गेला होता हे माहीत असणं कठीणच.

मैदानावर काय झालं? रुमानियाचे दोनच सामने झाले आणि दोन्हींत आइझेनबायसर खेळला. १४ जुलैला पोसितोसच्या मैदानावर पेरूविरुद्ध. अधिकृत नोंदीत प्रेक्षक २,५४९, पण अनेक वृत्तान्तांत फक्त ३००. मी या दोन आकड्यांपैकी कुठलाच डोळे झाकून छापणार नाही. वर्ल्ड कपच्या इतिहासातली सगळ्यात कमी गर्दी हीच, असं अनेकदा लिहिलं जातं. पहिल्याच मिनिटात रुमानियाच्या देशूनं गोल केला. मग सामना धसमुसळा झाला. श्टाइनरचा पाय मोडला आणि बदली खेळाडूचा नियमच नसल्यानं रुमानियाचे दहा उरले. पेरूच्या गालिंदोला पंचानं बाहेर काढलं. वर्ल्ड कपमध्ये मैदानाबाहेर काढला गेलेला तो पहिला खेळाडू. ७५ व्या मिनिटाला पेरूनं बरोबरी साधली, ७९ व्याला स्टॅन्चू आणि ८९ व्याला कोवाच यांनी गोल करून ३-१ केलं.

२-३-५ च्या (मागं दोन, मध्ये तीन, पुढं पाच) रचनेत मधल्या फळीतल्या हाफबॅकचं काम काय असायचं हे लक्षात घेतलं तर या सामन्यातली आइझेनबायसरची मेहनत कळते. मागं बॅक दोनच, आणि त्यातला एक पाय मोडून बाहेर. ती भोकं बुजवायला मधल्या तिघांनीच मागं यायचं आणि पुन्हा त्यांनीच पुढच्या पाचांना चेंडू पुरवायचा. नव्वद मिनिटांत सगळ्यात जास्त पळतो तो हाच माणूस, आणि गोलांच्या यादीत त्याचं नाव कधी येत नाही.

आठवड्यानं, २१ जुलैला, तीनच दिवसांपूर्वी उघडलेल्या सेंतेनारिओ स्टेडियममध्ये यजमान उरुग्वे समोर. जवळजवळ रिकाम्या मैदानातून थेट सत्तर हजारांच्या गर्दीत. ४-० नं हरले, चारही गोल पहिल्या ३५ मिनिटांत. त्यावर मी फार लिहीत नाही; उरुग्वेच पुढं जगज्जेता झाला.

आता तुमचा मूळ प्रश्न. जुलै म्हणजे मॉन्टेव्हिडिओत ऐन हिवाळा. परतीच्या प्रवासात आइझेनबायसर आजारी पडला. थंड पाण्यात पोहल्यामुळं असं बहुतेक जण सांगतात. निदान झालं न्यूमोनियाचं. १९३० साली न्यूमोनिया हा शब्द कसा ऐकू यायचा याचा अंदाज आज आपल्याला येत नाही. पेनिसिलिन औषध म्हणून हाती यायला अजून दहाएक वर्षं होती, सल्फाची औषधंही १९३५ नंतरची. डॉक्टर करणार काय, तर अंथरुणावर झोपवून ताप उतरायची वाट पाहणार. बोटीवर धर्मगुरूला बोलावून अखेरचे संस्कार करवले, असं सांगतात. यात अतिशयोक्ती वाटत नाही. तेव्हाच्या रीतीप्रमाणं गंभीर रोग्यासाठी ते करायचेच. जिनोआला बोट लागली तेव्हा त्याला तिथल्या रुग्णालयात ठेवलं आणि बाकीचा संघ रेल्वेनं घरी निघाला.

इथपर्यंत सगळे वृत्तान्त जुळतात. पुढं फाटे फुटतात. संघ गाडीतून उतरला, स्वागताला आलेल्यांनी चेहरे मोजले, एक कमी. "तो कुठाय?" "जिनोआला ठेवला. फार वाईट अवस्था होती, धर्मगुरू येऊन गेला." हे वाक्य बुखारेस्टहून चेर्नाउत्सला पोचेपर्यंत, म्हणजे देशाच्या एका टोकाला, त्यातलं 'होती' कुठं जाऊन बसेल ते सांगायला नको. आईला मुलगा गेल्याचं कळलं, तिनं विधी मांडला. इथपर्यंतही मी येतो.

पण कुठला विधी? प्रेत नसताना अंत्ययात्रा निघत नाही. काही वृत्तान्तांत अंत्यविधी लिहिलाय, काहींत शोकसभा, काहींत मृताच्या नावानं घातलेलं जेवण. रुमानियात मृत्यूनंतर तिसऱ्या, नवव्या आणि चाळिसाव्या दिवशी मृताच्या नावानं जेवू घालायची चाल आहे, तिला 'पोमाना' म्हणतात, आपल्याकडच्या तेराव्यासारखीच. गावभर ती चाल असताना कुठल्यातरी दिवशी घरात माणसं जमलेली असणं अगदी शक्य आहे. आणि बरा होऊन आलेला मुलगा दारात दिसल्यावर आईला भोवळ येणं, त्यात तर नवल काहीच नाही. ती जमलेल्या माणसांशिवायही आली असती. माझा संशय असा आहे की या दोन खऱ्या गोष्टी, जेवण आणि भोवळ, कुणीतरी एका दिवसात बसवल्या. किस्सा त्यानं गोळीबंद झाला. डेस्कवर बसून मीही असे सांधे जोडलेत, त्यामुळं जोड कुठं दिसतो ते मला कळतं. प्रत्येक सांगणाऱ्याकडं दिवस तोच पण विधी वेगळा निघाला की मी पेन खाली ठेवतो.

बरं, मेलेला माणूस उठला आणि काय केलं? खेळायला लागला. बुखारेस्टच्या व्हीनस क्लबकडून. हा साधासुधा क्लब नव्हता. रुमानियाच्या लीगचा १९३२ ते १९४० चा विजेत्यांचा तक्ता काढून पाहा, त्यात दोनच नावं आहेत. व्हीनसनं १९३२, १९३४, १९३७, १९३९ आणि १९४० जिंकले. मधली चार वर्षं तिमिश्वाराच्या रिपेन्सियाची. नऊ हंगाम देशात तिसऱ्या कुणाला शिरकाव नाही. अशा संघात वर्षानुवर्षं टिकणं म्हणजे फुप्फुसं शाबूत होती, एवढं नक्की. त्याच्या उलट पेरूविरुद्ध पहिल्या मिनिटाला गोल करणारा धडधाकट देशू १९३७ मध्ये तिशी गाठायच्या आत गेला. त्याच्यावर कुणी चौकट टाकत नाही.

राष्ट्रीय संघाकडून आइझेनबायसरचे सामने मात्र नऊच. १९३४ आणि १९३८ च्या वर्ल्ड कपांत तो नाही. पण १९३४ आणि १९३८ च्या मध्ये १९३६ येतं, आणि माझ्या दृष्टीनं त्याच्या आयुष्यातली खरी चकित करणारी गोष्ट तिथं आहे. फेब्रुवारी १९३६, जर्मनीतलं गार्मिश-पार्टेनकिर्शन, हिवाळी ऑलिम्पिक. जोडी स्केटिंगमध्ये रुमानियाकडून इरिना तिमचिक आणि अल्फ्रेड आइझेनबायसर. तेराव्या क्रमांकावर.

तेरावा म्हणजे काहीच नाही असं वाटेल. जरा डोळ्यांपुढं आणा. हाफबॅकचं शरीर घडतं ते धक्का द्यायला, धक्का खायला, चिखलात झटक्यात वळायला. जोडी स्केटिंगमध्ये उघड्यावरच्या बर्फावर, पंचांच्या समोर, संगीताच्या तालात, जोडीदारणीच्या प्रत्येक पावलाशी आपलं पाऊल जुळवायचं. तेव्हा जोडीला एकच मुक्त सादरीकरण मिळायचं; एकदा घसरलात की भरून काढायला दुसरी फेरी नाही. तिथं सुवर्ण जिंकणारी जर्मन जोडी मॅक्सी हर्बर आणि अर्न्स्ट बायर, त्यातली मॅक्सी अवघी पंधरा वर्षांची. आणि आमचा गडी अठ्ठावीसला टेकलेला, बुखारेस्टच्या लीगमधला हाफबॅक. बुकोविनाचा हिवाळा कडक, फुटबॉलची मैदानं तेव्हा बंद. अशा गावात वाढलेल्या मुलाच्या पायात बुटांखाली कधी खिळे तर कधी पातं, हे समजण्यासारखं आहे. पण हौस म्हणून बर्फावर जाणं वेगळं आणि ऑलिम्पिकला उतरणं वेगळं. फुटबॉलचा वर्ल्ड कप आणि हिवाळी ऑलिम्पिक दोन्ही खेळलेला माणूस शोधायला मी बरीच खोकी उलटीपालटी केली. दुसरं कार्ड काही हाताला लागलं नाही.

नावाचा आणखी एक बारकावा इथं दिसतो. फुटबॉलच्या कात्रणांत तो बहुधा फिएरारू आहे, ऑलिम्पिकच्या नोंदीत आइझेनबायसर. दोन खेळांचे नोंद ठेवणारे एकमेकांशी बोलत नाहीत. फुटबॉलवाल्यांना त्याचं स्केटिंग ठाऊक नसतं, स्केटिंगवाल्यांना त्याचा 'मृत्यू'. म्हणून तुम्ही कुठंही शोधलंत तरी अर्धाच माणूस हाती येतो. शोधताना दोन्ही आडनावं घाला, शिवाय फ्रेडी फिएरारू असंही करून पाहा.

पुढचा इतिहास गावाचाच जास्त आहे. जून १९४० मध्ये सोव्हिएत संघानं निर्वाणीचा इशारा देऊन उत्तर बुकोविना घेतला. त्याच वर्षी तिथल्या हजारो जर्मन कुटुंबांना उचलून जर्मनीत नेण्यात आलं. १९४१ मध्ये गाव पुन्हा रुमानियाकडं आणि १९४४ मध्ये पुन्हा सोव्हिएतांकडं. यान, मक्काबी, पोलोनिया, द्रागोश व्होदा हे सगळे क्लब त्या घुसळणीत संपले. ज्या ज्यूंच्या मुलांविरुद्ध तो गावात खेळला असेल त्यांच्यातल्या कितीतरी जणांना छावण्यांत हाकललं गेलं. व्हीनस क्लबही १९४९ मध्ये बंद झाला.

आइझेनबायसर बर्लिनमध्ये वारला, १ जुलै १९९१ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी. म्हणजे त्या 'पहिल्या' मरणानंतर एकसष्ट वर्षांनी.

दोन्ही कार्डं मी आता एकाच टाचणीनं टोचून फुटबॉलच्या खोक्यात ठेवली आहेत आणि हिवाळी ऑलिम्पिकच्या खोक्यात 'फिएरारू पाहा' अशी चिठ्ठी. जन्मस्थानापुढं देश कुठला लिहायचा यावर बराच वेळ गेला. जन्माला आला ऑस्ट्रिया-हंगेरीत, खेळला रुमानियाकडून, आणि तो गेला त्या दिवशी गाव सोव्हिएत संघात होतं. पुढच्या दोन महिन्यांच्या आत, २४ ऑगस्टला, युक्रेननं स्वातंत्र्य जाहीर केलं आणि आज गावाचं नाव चेर्नीव्त्सी असं लिहितात. कार्डावर मी पेन्सिलनं लिहिलंय.